एक रिव्हॉल्व्हर, दोन सिलिंडर : बदलताना काय पाहायचं

मागच्या हिवाळ्यात इथल्या, अमेरिकेतल्या फिनिक्सजवळच्या चँडलरहून एक मराठी मुलगा माझ्याकडे आला. चहा येईपर्यंत गप्प होता. मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यानं टेबलावर सोडली. आत .२२ बोरच्या काडतुसांच्या सहा झाडलेल्या पितळी पुंगळ्या. चार उभ्या चिरलेल्या, दोन पोटाशी फुगलेल्या.

"काका, काडतुसं खराब निघाली."

काडतुसं चांगली होती. त्याच्या रिव्हॉल्व्हरबरोबर दोन सिलिंडर (काडतुसं भरायची फिरती चाकं) आले होते, एक .२२ एलआरचा, म्हणजे लाँग रायफलचा, एक .२२ मॅग्नमचा. दुसरा कसा बसतो ते पाहायला म्हणून त्यानं मॅग्नमचा बसवला आणि विसरला. पुढच्या शनिवारी एलआरची काडतुसं भरली. ती आत गेली, अगदी अलगद गेली. गोम तिथेच आहे. एलआरच्या पुंगळीचा व्यास .२२६ इंच, मॅग्नमचा .२४२. म्हणजे सोळा थाऊचा फरक (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). टूलरूमच्या भाषेत याला क्लिअरन्स म्हणत नाहीत, गुहा म्हणतात. पितळ त्या पोकळीत फुगलं आणि फाटलं. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून पोरगं माझ्या ओट्यावर चहा पीत बसलं होतं.

त्याला जे तोंडी सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय. मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, आता लेकीजवळ फिनिक्सला असतो. सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा (ज्यात प्रत्येक गोळीला घोडा, म्हणजे मागचा हॅमर, अंगठ्यानं ओढावा लागतो) नाद लावला तो शेजारच्या म्हाताऱ्यानं. तो तांब्याच्या खाणीत काम करून निवृत्त झालेला, मी डाय-फिक्स्चर करून. दोघांनाही लोखंडाशी बोलायची सवय, त्यामुळे माझं इंग्रजी आड आलं नाही.

आधी एक कोरडी गोष्ट. एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारायचे, ऑफिसातल्या मित्राला नव्हे. ग्रीन कार्डवाल्यांना ती आडकाठी नाही. त्यावर राज्याराज्याचे नियम निराळे, ते आपापले पाहून घ्या.

हे जमतं कसं?

दोन सिलिंडरांची करामत सिंगल ॲक्शनमध्येच इतकी सहज का बसते, हे कळलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं.

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. .३५७ मॅग्नम, .३८ स्पेशल, .४५ कोल्ट ही सगळी कडेची. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या त्याच्या भोकात, किती खोल जायचं ते ही कड ठरवते. पिस्तुलाच्या काडतुसाला, म्हणजे ९ मिलिमीटर किंवा .४५ एसीपीला, अशी कड नसते. ते मॅगझिनमधून सरकायचं असतं, कड असती तर अडकलं असतं. ते चेंबरमध्ये अडतं ते पुंगळीच्या तोंडावर. चेंबरच्या आत एक बारीक पायरी कापलेली असते, पुंगळीचं तोंड तिच्यावर टेकतं.

बाजूला उघडणाऱ्या डबल ॲक्शन (नुसता चाप ओढून झाडता येणाऱ्या) रिव्हॉल्व्हरमध्ये सहाही पुंगळ्या एकदम बाहेर काढणारी चांदणी असते, ती पुंगळ्यांना कडेखाली धरून उचलते. कडच नसेल तर उचलणार काय? पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला पिस्तुलं कमी पडली, तेव्हा .४५ एसीपी चालवणारी एम १९१७ रिव्हॉल्व्हरं केली गेली, आणि काडतुसं तीन-तीनच्या अर्धचंद्राकृती पत्र्याच्या क्लिपात अडकवावी लागली. ती क्लिप म्हणजे उसनी कडच.

सिंगल ॲक्शनला ही उठाठेव करावी लागत नाही. नळीच्या कडेला एक सळई असते, इजेक्टर रॉड. ती पुढून चेंबरमध्ये शिरते आणि पुंगळीला आतून, तिच्या बुडाला ढोसून मागच्या गेटमधून बाहेर ढकलते. एकेक करून, सहा वेळा. १८७३ च्या कोल्टमध्ये हेच होतं, आजही हेच आहे. सळईला कडेशी देणंघेणं नाही. म्हणून त्याच सांगाड्यात पिस्तुलाच्या काडतुसाचा सिलिंडर बसवला तरी बाकी काही बदलावं लागत नाही. फक्त नळीचं माप दोघांनाही चालेल असं असलं पाहिजे.

रुगर कंपनीनं हे ओळखलं. त्यांचं ब्लॅकहॉक १९५५ मध्ये .३५७ मध्ये आलं, आणि १९६७ मध्ये त्याच्याबरोबर ९ मिलिमीटरचा जादा सिलिंडर मिळू लागला. पुढे .४५ कोल्ट आणि .४५ एसीपीची जोडी आली. छोट्या सिंगल-सिक्सला .२२ ची जोडी.

कुठली जोडी घ्यावी?

माझ्याकडे .३५७ आणि ९ मिलिमीटरची आहे. तरी मला विचाराल तर मापाच्या दृष्टीनं सगळ्यांत चोख जोडी .४५ ची. हल्लीच्या .४५ कोल्टची गोळी .४५२ इंच, .४५ एसीपीची .४५१ ते .४५२. नळीला फरक कळतसुद्धा नाही.

माझ्या जोडीत मात्र तडजोड आहे. ९ मिलिमीटरची गोळी .३५५ इंच, .३५७ ची .३५७ ते .३५८. नळी .३५७ च्या मापाची. दोन-तीन थाऊनं बारीक गोळी रायफलिंगमध्ये, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचांत, तितकी घट्ट धरली जात नाही. निशाणाच्या कागदावर हा फरक दिसतो. पंचवीस यार्डांवर, हात टेकवून, माझ्या .३८ च्या (.३८ स्पेशल .३५७ च्याच सिलिंडरमध्ये चालतं) सहा गोळ्या चहाच्या बशीत मावतात. ९ मिलिमीटरच्या सहा गोळ्यांना नाश्त्याची ताटली लागते. मग ९ मिलिमीटर कशाला? कारण ते जिथेतिथे मिळतं आणि मला .३५७ च्या जवळपास निम्म्या भावात पडतं. शिवाय किलोभराहून जड रिव्हॉल्व्हरमध्ये त्याचा धक्का इतका सौम्य, की माझी सौ. (जिला फटाक्याचाही तिटकारा) तीही सहा गोळ्या झाडून "बरं आहे" म्हणाली.

एक गैरसमज इथेच काढतो. "पिस्तुलाची काडतुसं लहान, म्हणजे नरम" हे खरं नाही. ९ मिलिमीटर आणि .३५७ मॅग्नम, दोन्हींची दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. .४५ एसीपीची २१,०००, तर दिसायला दुप्पट दांडग्या .४५ कोल्टची १४,०००. लहान पुंगळीतही दाब मोठा असतो. म्हणून सिलिंडर कुठूनही उचलून चालत नाही, आणि इथे मी स्वतःचीच फजिती सांगतो.

जोडीचा सिलिंडर घेण्याआधी मी एका प्रदर्शनात सुटा ९ मिलिमीटरचा सिलिंडर घेतला होता. स्वस्त होता. घरी बसवला, बसला. फिरवला, फिरला. एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसानं एवढ्यावर समाधान मानलं! रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, चौथ्या गोळीला माझ्याच मनगटावर काहीतरी चुरचुरलं. गोळीचा तासून निघालेला कपचा. त्या सिलिंडरची दोन चेंबरं नळीच्या तोंडासमोर नीट येत नव्हती. गोळी नळीत शिरताना कडेला घासून तासली जात होती. सिलिंडर आणि फ्रेम यांची जोडी कारखान्यात जुळवलेली असते. माझ्या आताच्या ९ मिलिमीटरच्या सिलिंडरवर, पुढच्या तोंडाला, रिव्हॉल्व्हरच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे कोरलेले आहेत. वापरलेली जोडी विकत घेत असाल तर ते आकडे आधी पाहा. सुटा सिलिंडर घ्यायचाच असेल तर जाणकार गनस्मिथकडून त्या रिव्हॉल्व्हरला जुळवून घ्या. वाचवलेले पैसे मी नंतर पट्टीत, लाजेत आणि गनस्मिथच्या बिलात भरले.

बदलायचा कसा

हे घरी, टेबलावर, सावकाश. काडतुसं त्या खोलीत नकोत. मी तर शेजारच्या खोलीत ठेवून दार लोटून घेतो. रेंजवर बदलायचा असेल तर गोळीबार चालू असलेल्या रांगेत, आपल्या टेबलावर, नळी निशाणाकडे. 'लाइन कोल्ड', म्हणजे गोळीबार बंद, पुकारल्यावर हात लावायचाच नाही. मी जातो त्या बेन एव्हरी रेंजवरच नव्हे, कुठेही. लोक कागद बदलायला पुढे गेलेले असतात.

पुढचं वर्णन १९७३ नंतरच्या रुगर 'न्यू मॉडेल'चं आहे. तुमचं कुठलं ते ओळखायला उजवी बाजू पाहा : फ्रेमवर तीन स्क्रू असतील तर जुनं, दोन पिना असतील तर नवं. जुन्याबद्दल खाली लिहितो.

घोडा पूर्ण खाली असू द्या. उजवीकडचं लोडिंग गेट उघडा. नव्या मॉडेलमध्ये गेट उघडलं की सिलिंडर मोकळा होतो आणि घोडा ओढता येत नाही. आता सिलिंडर हातानं फिरवत सहाही चेंबरं पाहा. मोजून सहा. मी तोंडानं मोजतो, घरचे हसतात. मग करंगळी घालून परत सहा. ९ मिलिमीटरची पुंगळी चेंबरच्या तोंडाशी सपाट बसते, अंधुक उजेडात नुसत्या नजरेला फसवते.

नळीखाली, सिलिंडरच्या पुढे, आडवी कळ आहे. ती दाबून धरा आणि मधला पिन पुढे ओढा. नवं रिव्हॉल्व्हर असेल तर बोटं दुखतील. पक्कड लावू नका, चामड्याचा तुकडा घेऊन ओढा. पिन बाहेर आला की सिलिंडर उजव्या हाताला, गेटच्या बाजूनं, घरंगळत बाहेर येतो. खाली डावा तळहात धरा. माझा एकदा फरशीवर पडला होता. सिलिंडरला काही झालं नाही, फरशीला झालं, आणि जावईबापू अजून त्या टवक्याकडे बोट दाखवतात.

दुसरा सिलिंडर उजवीकडूनच आत सरकवायचा. सरकवताना त्याला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं जरासा फिरवा, म्हणजे मागून डोकावणारं फिरवणीचं बोट आड येणार नाही. पिनला तेलाचा एकच थेंब लावून परत घाला. शेवटच्या काही मिलिमीटरला थोडा विरोध होईल, कारण पिनच्या शेपटाला स्प्रिंगवर बसलेलं बोंड असतं. ठोकायचं नाही. अंगठ्यानं दाबायचं, कळ टक् करून बाहेर येईपर्यंत.

त्या कळीवर जरा थांबतो, कारण सगळे इथेच घाई करतात. कळ दोन्ही बाजूंना पूर्वीइतकीच बाहेर आली पाहिजे आणि पिन पुढून ओढला तर हलता कामा नये. अर्धवट बसलेला पिन .३८ ला तग धरतो, मॅग्नमच्या धक्क्यानं पुढे सरकतो आणि सिलिंडर जागच्या जागी अडतो. भरलेला. मग भरलेलं, अडलेलं रिव्हॉल्व्हर हातात धरून तुम्ही रेंज ऑफिसरला हाक मारता. मी मारलेली आहे.

जुन्या तीन स्क्रूंच्या रुगरमध्ये आणि कोल्टच्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरांमध्ये सिलिंडर मोकळा करायला घोडा अर्ध्या खाचेवर आणावा लागतो. कोल्टचा घोडा पूर्ण ओढताना चार टिचक्या ऐकू येतात, सिलिंडर काढायला त्यातली दुसरी. या जुन्या बंदुकांत खाली असलेला घोडा थेट काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर टेकलेला असतो. बंदूक पडली तर गोळी सुटते. म्हणून त्यांत पाचच भरायची : एक भरा, एक घर सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ओढा आणि अंगठ्यानं धरून हळूच खाली आणा. घोडा रिकाम्या घरावर येतो. नव्या रुगरमध्ये मध्ये ट्रान्सफर बार असतो, चाप ओढलेला असेल तरच घोड्याचा मार टोपीपर्यंत पोचतो, म्हणून सहा भरता येतात. जुनं रुगर असेल तर कंपनी स्वतः ट्रान्सफर बार बसवून देत आली आहे. ते काम घरी करण्याचं नाही.

पहिला पीस

आमच्या टूलरूमला एकच नियम देवघरातल्या देवासारखा होता : सेटिंग बदललं की पहिला पीस तपासल्याशिवाय मशिन चालू करायचं नाही. काल तेच मशिन तोच जॉब करत होतं, हे उत्तर चालत नसे. आमचे फोरमन त्यावर वहीच फेकायचे. सिलिंडर बदलणं हे सेटिंग बदलणं आहे. शंभरदा बदललेला असला तरी.

रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर, नळी सुरक्षित दिशेला धरून, मी तीन गोष्टी पाहतो.

पहिली, फट. सिलिंडरचं तोंड आणि नळीची मागची बाजू यांत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवतो. साधारण चार ते आठ थाऊ, म्हणजे ०.१ ते ०.२ मिलिमीटर, ठीक. माझा .३५७ चा पाच थाऊ, ९ मिलिमीटरचा सहा. सहाही चेंबरांना. एकाच सिलिंडरमध्ये एक चेंबर पाच आणि समोरचा आठ दाखवत असेल तर तोंड काटकोनात नाही. फट फार कमी असेल तर काजळी साचून सिलिंडर दहाव्या-विसाव्या गोळीला घासायला लागतो. फार जास्त असेल तर गरम वायू बाजूनं उसळतो. उसळतो तो फट नीट असली तरी, म्हणून झाडताना दुसऱ्या हाताचं बोट त्या फटीशी कधीही नेऊ नका.

दुसरी, कुलूप. सिलिंडरवर डाव्या अंगठ्याचं हलकं ओझं ठेवून घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर खाचेत टक् करून बसला पाहिजे. घोडा गेला आणि सिलिंडर अजून लटकतोय, असं एका चेंबरला जरी झालं तरी ती बंदूक त्या दिवशी पेटीत परत. सहा वेळा करा. घोडा खाली आणताना अंगठा सोडू नका.

तिसरी मी ९ मिलिमीटरलाच करतो : चेंबरातली पायरी. टॉर्च मारून आत पाहा. तिथे काजळी किंवा शिशाची कड साचली असेल तर काडतूस पूर्ण बसत नाही, बूड मागे राहतं आणि सिलिंडर फिरताना घासतं. लाकडी दातकोरणीनं खरवडलं की निघतं. दाभण नको.

या तिन्हीला मला सात मिनिटं लागतात. चँडलरच्या मुलाला पहिल्यांदा पंचवीस लागली.

रेंजवर

काडतुसाचा डबा आणि सिलिंडर यांची गाठ घाला. सौ.च्या डब्यातली लाल नेलपॉलिश घेऊन मी ९ मिलिमीटरच्या सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर, चेंबरांपासून दूर, एक ठिपका दिलाय आणि ९ मिलिमीटरच्या प्रत्येक डब्यावर तसाच. ठिपका ठिपक्याला. एका वेळी टेबलावर एकच प्रकारचं काडतूस, दुसरं गाडीत. ९ मिलिमीटरचं काडतूस बुडाशी .३५७ च्या पुंगळीपेक्षा जाड असल्यामुळे .३५७ च्या चेंबरात पूर्ण जातच नाही, एवढी सवलत निसर्गानं दिलीय. .२२ मध्ये आणि .४५ मध्ये ती नाही. .४५ एसीपीचं काडतूस .४५ कोल्टच्या लांब चेंबरात खुशाल आत घरंगळतं.

भरताना गेट उघडून एकेक घाला. न्यू मॉडेलची एक खोड आहे : सिलिंडर फिरवताना टिचकी ऐकू येते तिथे चेंबर गेटच्या समोर नसतो, थोडा पुढे निघून गेलेला असतो, आणि मागे फिरवता येत नाही. पुन्हा एक चक्कर मारावी लागते. टिचकीच्या केसभर आधी थांबायला हात शिकतो. दोन डबे झाडून होईपर्यंत शिव्या मोफत.

ठिपका, गेट, गॉगल, कानांवर संरक्षण. मग पहिल्या वेळी सहा भरून पाचच झाडा. सहावं काडतूस बाहेर काढून व्हर्नियरनं लांबी मोजा. भरण्याआधी मोजलेली असेलच. कारण असं : रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं तोंड गोळीवर घट्ट मुडपलेलं असतं, पिस्तुलाच्या काडतुसाचं नुसतं आवळलेलं, कारण त्या तोंडावरच तर ते टेकायचं असतं. रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक धक्क्याला उरलेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकू पाहते. पाच धक्के खाऊन सहावी लांबली असेल तर तो मेकचा दारूगोळा तुमच्या कामाचा नाही. आणखी लांबली तर गोळीचं टोक सिलिंडरबाहेर येऊन फ्रेमला अडेल. माझ्या ११५ ग्रेन वजनाच्या गोळीच्या काडतुसांत फरक शून्य आला. हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये येईलच असं नाही, म्हणून मोजायचं.

निशाणा वेगळा लागणार, घाबरू नका. हलकी आणि वेगवान गोळी, हात वर उचलला जाण्याआधीच नळीतून निघून जाते, म्हणून खाली लागते. माझी ९ मिलिमीटर पंधरा यार्डांवर .३८ पेक्षा दोन बोटं खाली जाते. मागच्या साइटचा (नेम धरायच्या खाचेचा) स्क्रू घड्याळाच्या उलट फिरवला की साइट वर येते आणि गोळीही वर लागते. किती टिचक्या, ते वहीत लिहा. माझ्या वहीत "९ = +६" एवढंच लिहिलंय आणि ते मी दर वेळी विसरतो, म्हणूनच वही.

चाप ओढला आणि आवाज झाला नाही, तर नळी निशाणाकडेच ठेवून तीस आकडे मोजा. घोडा परत ओढू नका. उशिरा पेटलेलं काडतूस नळीसमोरून बाजूला गेलेलं तुम्हाला नको आहे. आणि आवाज झाला पण फुसका झाला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. रिकामं करा, पिन ओढा, सिलिंडर काढा, नळीतून उजेड दिसतो का पाहा.

पुंगळ्या काढताना एकेक करून सळई. हे हत्यार घाईवाल्याचं नाही, आणि मला त्यातलं तेच आवडतं. पन्नास काडतुसांत माझी दुपार जाते.

घरी आल्यावर

नळी पुढूनच साफ करावी लागते, मागे फ्रेम आड येते. रॉड नळीच्या तोंडाला घासणार नाही याची काळजी घ्या, तिथली कड बोथट झाली की नेम गेला. .३८ बरेच झाडले असतील तर .३५७ च्या चेंबरात पुढे काजळीचं कडं तयार होतं, कारण .३८ ची पुंगळी साडेतीन मिलिमीटरनं आखूड. त्या कड्यावर .३५७ चं काडतूस अडतं. सॉल्व्हंट घालून वीस मिनिटं थांबा, मग पितळी ब्रश. दोन्ही सिलिंडर साफ करायचे, न वापरलेलाही पुसून घ्यायचा. फिनिक्सच्या कोरड्या हवेत गंज नाही, धूळ आहे.

हात थंड पाण्यानं आणि साबणानं, नातवंडांना उचलण्याआधी. शिसं दिसत नाही. रेंजचा शर्ट वेगळा धुवायचा, यावर आमच्याकडे वाद होऊन निकाल लागलेला आहे, मशिन मीच लावतो.

जादा सिलिंडर मी जुन्या सुती मोज्यात, तिजोरीतच, रिव्हॉल्व्हरशेजारी ठेवतो. मोज्यावर मार्करनं "९ मिमी". आणि आत कुठला आहे ते रिव्हॉल्व्हरच्या ट्रिगर गार्डला दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीवर. चँडलरच्या मुलानंही आता चिठ्ठी लावलीय. गुलाबी.

राहिली बॅग. भारतात जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. रेंजची बॅग प्रवासाला कधीही नेऊ नका, रिकामी दिसली तरी. अस्तराच्या शिवणीत अडकलेलं एकच जिवंत काडतूस मुंबईच्या किंवा दिल्लीच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरायला पुरतं, आणि ९ मिलिमीटर तर तिकडे सामान्य परवान्यावर मिळणारं बोरही नाही. "चुकून राहिलं" हे तुम्ही कोर्टात सांगणार, विमान चुकल्यानंतर. माझी रेंजची बॅग मुद्दाम चाकं नसलेली, भडक नारिंगी आहे आणि गॅरेजमधल्या खिळ्याला टांगलेली असते. तरीही गेल्या दिवाळीत पुण्याला निघताना सामान भरून झाल्यावर सौ.नं माझ्या जाकिटाचे खिसे उलटे केले. .३८ ची एक पुंगळी निघाली, झाडलेली. ती तिनं खिडकीत ठेवली, तुळशीच्या कुंडीशेजारी, आणि म्हणाली, "आता बाकीचे खिसे तुम्ही बघा."